हाडाची खुंटी की पोलादाचा खिळा

माझ्या सासऱ्यांची टाच होडीखाली आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते मुरब्याला खाडीच्या काठी होड्या बांधायचे. नवी होडी पाण्यात लोटताना खालचा ओंडका सटकला आणि होडीचा भार त्यांच्या उजव्या पायावर आला. गावच्या हाडवैद्यानं पाय बांबूच्या कामट्यांत बांधून ठेवला, दीड महिन्यानं सोडला, आणि मामा परत कामाला लागले. घरातल्या सुना त्यांना मामाच म्हणत.

पाय दिसायला सरळ झाला होता, पण आतून बरा झाला नव्हता. किनाऱ्यावर, जिथं जमीन कधीच सपाट नसते, तिथं चार पावलं टाकली की मामा थांबायचे, कुणाशी तरी बोलायचं निमित्त काढायचे आणि मग पुढे जायचे. हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले, कारण मी त्यांच्याकडे बघत नसे. त्या वेळी सून सासऱ्यांसमोर फारशी उभी राहत नसे. ते ओटीवर आले की मी आत जाई.

दुसऱ्या वर्षी दुखणं इतकं वाढलं की त्यांना लाकूड तासायचा वाकस धरून उभं राहणं जमेना. तेव्हा तारापूरला विजेच्या केंद्राचं मोठं बांधकाम चालू होतं, बोईसरला माणसं येत होती, आणि पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुंबईचे हाडांचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी शनिवारी येऊ लागले होते. माझे यजमान मासेमारीला गेलेले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. मी दातिवऱ्याच्या शाळेतून सातवी झालेली, म्हणून मामांबरोबर मी जायचं ठरलं. होडीतून खाडी ओलांडून सातपाटी आणि तिथून एसटीनं पालघर. त्या सगळ्या प्रवासात आम्ही एक शब्द बोललो नाही.

डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांनी एक्स-रेची काच खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्याकडे बघून समजावायला सुरुवात केली. "हे टाचेचं हाड, आणि हे त्याच्यावर बसलेलं. या दोघांमधला सांधा खराब झालाय. हलला की घासतो, म्हणून दुखतं. आता तो नीट होणार नाही. तो हलणारच नाही असं करायचं. दोन हाडांचं एक हाड करायचं."

मामा म्हणाले, "म्हंजे जोड पक्की करायची."

"हो, तसंच."

"कशानं?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. लोक विचारायचे, दुखेल का, किती दिवस लागतील, माणूस कामावर जाईल का. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"दोन रीती आहेत," ते म्हणाले. "एक म्हणजे तुमच्याच नडगीतून हाडाची पट्टी काढायची, तिची खुंटी करायची आणि ती दोन्ही हाडांतून आरपार ठोकायची. दुसरी म्हणजे पोलादाचे खिळे."

"खुंटी नंतर कुठं जाते?"

"कुठेच नाही. ती हळूहळू विरते आणि तिच्या जागी नवं हाड भरतं. दोन वर्षांनी फोटो काढला तर खुंटी शोधूनही सापडत नाही."

"आनि खिळा?"

डॉक्टरांनी ट्रेमधून एक वस्तू काढून मामांच्या तळहातावर ठेवली. दोन पायांचा छोटा खिळा, चौकोनी कमानीसारखा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. मामांनी तो उलटसुलट केला, नखानं टोक तपासलं, मग दाताखाली धरून बघायला निघाले आणि माझ्याकडे नजर गेल्यावर थांबले.

"गंजतो?"

"नाही."

"खाऱ्या पाण्यात?"

"शरीरात खारं पाणी..." डॉक्टर बोलता बोलता अडले आणि हसले. "बरोबर आहे तुमचं. रक्त खारटच असतं. पण हे पोलाद वेगळं आहे, ते गंजत नाही."

"तुमी बगितलंय?"

"बाहेरून आलेल्या पुस्तकांत वाचलंय, आणि काही रोग्यांच्या पायातून काढलेले खिळे पाहिलेत." मग त्यांनी तोच खिळा परत मामांच्या हातात दिला. त्याचा एक पाय थोडा वाकला होता, तो वापरण्याजोगा नव्हता. "घेऊन जा. तुम्हीच बघा. ऑपरेशनला अजून दोन महिने आहेत."

परतीच्या होडीत मामांनी मला विचारलं, "तुला काय समजलं?"

लग्नानंतर त्यांनी मला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न. मी जमेल तसं सांगितलं. ते ऐकत होते आणि मुठीतला खिळा अंगठ्यानं फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी ओटीवर काचेच्या चार बरण्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोनच्याच्या हायत त्या." मामा म्हणाले, "मीठच घालतोय, दुसरं काय." भरतीच्या वेळी मी खाडीचं पाणी घागरीतून आणलं. एका बरणीत साधा लोखंडी खिळा, दुसरीत तांब्याचा, होडीच्या फळ्यांना मारतात तो, आणि तिसरीत डॉक्टरांचा. चौथी बरणी रिकामी होती. मामा तिच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "तुझ्याकडं ते चमकतं चमचं हायत ना?"

माझ्या आईनं लग्नात सहा चमचे दिले होते. आमच्या वाडीत तशी वस्तू दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मी ते पेटीत कापडात गुंडाळून ठेवले होते आणि कधी वापरले नव्हते. त्यातला एक मी काढून दिला. मनातून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला बघायचं होतं की काय होतं.

रोज सकाळी पाणी बदलायचं काम माझं. काय दिसलं ते मी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहायची आणि मामांना वाचून दाखवायची. लोखंडाचं पाणी तिसऱ्याच दिवशी तांबूस झालं. तांब्यावर हिरवट कळा आली. डॉक्टरांचा खिळा तसाच होता. आणि माझ्या चमच्यावर, आठवडा झाल्यावर, दांड्याच्या वळणाशी दोन बारीक तपकिरी ठिपके उमटले. मी पदरानं पुसले. दुसऱ्या दिवशी परत आले.

"चमकतं ते सगळं सारखं नाय," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात मला चिडवणं नव्हतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

डॉक्टरांच्या पुढच्या शनिवारी दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक माणूस बसला होता, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, हातात कुबड्या. तो तारापूरच्या बांधकामावर वेल्डर होता, उत्तरेकडून आलेला, कुंभवलीत खोली घेऊन राहणारा. परांचीवरून उतरताना पडला होता आणि त्याचीही टाच फुटली होती. त्याच डॉक्टरांनी त्याच सांध्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वी केलं होतं. मामा त्याच्याजवळ सरकून बसले. मामांची मोडकी हिंदी आणि त्याची मोडकी मराठी, दोघांचं जमून गेलं.

"तुमच्यात काय घातलं?" मामांनी विचारलं.

"हड्डी," तो म्हणाला आणि प्लास्टरवरून नडगी दाखवली. "यहाँ से निकाली, वहाँ डाली."

"पोलाद नको म्हनला?"

"चाचा, दिनभर वही जोड़ता हूँ. लोहा थकता है. बार-बार हिलाओ तो एक दिन टूटता है. हड्डी टूटे तो खुद जुड़ती है. लोहे को कौन जोड़ेगा, मेरे पैर के अंदर जाकर?"

मामांनी यावर पूर्ण आठवडा विचार केला. मग मला म्हणाले, सुकट बांध, कुंभवलीला जायचं. तो माणूस प्लास्टरमध्ये एकटा पडलाय, त्याला काहीतरी नेऊ. सुकटीचं निमित्त होतं हे सासूबाईंनाही कळत होतं.

त्याची खोली पत्र्याची होती, तिघांत मिळून. बाकीचे दोघं कामावर गेले होते. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं आणि खाटेखालून एक डबा काढला. त्यात नळ्यांचे कापलेले तुकडे होते, साईटवर टाकून दिलेले, आणि एक लोहचुंबक. मी चमचा बरोबर नेला होता. त्यानं चुंबक चमच्याला लावलं. चमचा टपकन चिकटला. मग चुंबक नळीच्या तुकड्याला लावलं, ते घसरून खाली पडलं. मामांनी कमरेच्या कापडातून डॉक्टरांचा खिळा काढला. त्यालाही चुंबक धरेना.

"अच्छा माल है," वेल्डर म्हणाला. "नळीवाल्याच जातीचा. यह चमचा दुसरी जात. चमकता है, पर दुसरी जात."

मामांनी चुंबक तीन-चार वेळा स्वतः लावून पाहिलं. मग मला दिलं. धातू ओढला जातो आणि ओढला जात नाही, हा फरक हाताला कसा लागतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. त्यानं नळीचा एक तुकडाही दिला. घरी आल्यावर मामांनी तो चमच्याच्या बरणीत टाकला आणि चमचा मला परत केला. डाग कायमचे राहिले. मी मात्र त्या दिवसापासून तो चमचा रोज वापरायला लागले.

वेल्डरचं बोलणं मामांच्या डोक्यातून जाईना. हाड की पोलाद, हे बरण्यांत कळणार नव्हतं, कारण बरणीत काही जोडलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी पालघरच्या बाजारातून बकऱ्याच्या पायांच्या नळ्या आणायला सांगितल्या. सासूबाईंनी त्या शिजवून मांस काढून दिलं आणि "आता याचं काय करनार?" एवढंच विचारलं. मामा ओटीवर पाय पुढे करून बसले. नळ्या करवतीनं कापल्या, तोंडाला तोंड लावून परत जोडायला घेतल्या.

पहिल्या नळीत त्यांनी खिळा सरळ ठोकला. नळी उभी चिरली. दुसरीत आधी सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, बारीक भोक पाडलं आणि मग खिळा मारला. ती टिकली. तिसरीत दुसऱ्या हाडाची खुंटी तासून बसवली. खुंटी घट्ट बसली, पण मी दोन्ही टोकं धरून पिळल्यावर फिरली. मग त्यांनी दोन खुंट्या तिरक्या मारल्या, एक इकडून एक तिकडून. तेव्हा मला पिळता येईना. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी कापलेली तोंडं घासून सपाट करण्यात घालवला. "तोंडं बसली नाय तर काय पन घाला, उपयोग नाय," ते म्हणाले. हे होडीच्या फळ्यांबद्दल त्यांनी माझ्या यजमानांना हजारदा सांगितलं असेल. मला ते पहिल्यांदाच सांगत होते.

ती हाडं फडक्यात बांधून आम्ही पालघरला नेली. मला लाज वाटत होती. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि एकेक नळी हातात घेऊन पाहिली. मग नर्सला बोलावून दाखवली.

"या खुंट्या तिरक्या का मारल्या?"

"सरळ मारली का ओढल्यावर निघते. तिरकी एकमेकीला धरतात."

डॉक्टरांनी ती नळी दोन्ही हातांनी पिळून पाहिली. "आम्हाला हे शिकायला मुंबईत दोन वर्षं लागली," ते म्हणाले.

मग मामांनी वेल्डरचा प्रश्न विचारला. "खिळा आयुष्यभर धरील का?"

"नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. धातू थकतो. खिळ्यानं तीन-चार महिने हाडं हलू द्यायची नाहीत, एवढंच त्याचं काम. तेवढ्यात हाडाला हाड जुळलं पाहिजे. जुळलं तर खिळा आत नुसता पडून राहतो. नाही जुळलं तर आज ना उद्या तो मोडणार."

"म्हंजे शिकंजा. फळ्या ठोकून होईपर्यंत आवळून धरतो तो."

"हो. फक्त काढून घेता येत नाही असा शिकंजा."

"आनि खुंटी?"

"खुंटी स्वतः जोडाचा भाग होते. पण धरायला ती कमी पडते. म्हणून प्लास्टर जास्त दिवस, आणि नडगीला दुसरी जखम."

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते कसे काम करतात हे मी तोवर रोज बघत होते. उकिडवं बसून, उजवी नडगी फळीला टेकवून, वाकस चालवायचा. नडगी हीच त्यांची पकड होती.

"नडगी नको फोडायला," ते म्हणाले. "खिळं मारा."

"चालेल. थोडा हाडाचा चुरा घोट्याजवळूनच काढून मध्ये भरू."

उठता उठता मामांनी आणखी एक विचारलं. "खिळं सगळं एकाच धातूचं हायत ना? होडीत तांबं आनि लोखंड शेजारी मारलं तर एक दुसऱ्याला खातं."

डॉक्टर उठून कपाटाजवळ गेले. तीन खिळे होते. दोन एका पाकिटातले, तिसरा दुसऱ्यातला. त्यांनी तिसरा उजेडात धरला आणि परत ठेवून दिला. "बहुतेक सारखाच असेल. पण खात्री नाही. दोनांतच भागवू."

ऑपरेशन कमरेखाली बधिर करून झालं. मामा जागे होते. बाहेर आणल्यावर त्यांना जरा हुशारी वाटली तेव्हा मी विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाले, "खिळं ठोकताना ऐकलं मी. पयल्यांदा आवाज पोकळ होता. मग ठोक्याठोक्याला बारीक होत गेला. शेवटचा ठोका बसला तवा आवाज बदलला. तिथं डॉक्टर थांबलं. मी पन तिथंच थांबलो असतो."

तीन महिन्यांनी प्लास्टर निघालं. एक्स-रेच्या काचेवर दोन्ही खिळे पांढरे दिसत होते आणि दोन हाडांमधली काळी रेघ जवळजवळ पुसली गेली होती. वेल्डरचं प्लास्टर ऑपरेशनपासून पाच महिने राहिलं. त्याची टाच उत्तम जुळली, पण चालायला लागल्यावर त्याला टाचेपेक्षा नडगीच जास्त दुखायची. मामांना उलटा त्रास झाला. थंडीत एका खिळ्याची कड कातडीखाली बोचायची आणि चपलेचा पट्टा त्यावरच यायचा. वर्षानं डॉक्टरांनी तेवढी जागा बधिर करून तो खिळा काढला. दुसरा हाडानं इतका झाकून टाकला होता की त्यांनी त्याला हात लावला नाही. काढलेला खिळा मामांनी मागून घेतला आणि वेल्डरला दाखवायला कुंभवलीला गेले. दोघांनी तो भिंग लावून पाहिला. गंज नव्हता. पाठीवर हातोडीचे ओरखडे होते, बस.

"तो कौन जीता, चाचा?" वेल्डरनं विचारलं.

मामा विचार करून म्हणाले, "हाड. दोघांच्यात पन."

मामा परत होड्या बांधू लागले. दुखणं गेलं होतं. पण सपाट ओटीवर जे कळत नव्हतं ते किनाऱ्यावर कळलं. ओहोटीच्या वेळी आम्ही दोघं ओल्या वाळूवरून चाललो होतो, समुद्राकडे उतरती वाळू, आणि मामा दर दहा पावलांनी थोडा तोल सावरत होते. मी घाबरून जवळ गेले.

"दुखत नाय," ते म्हणाले. "पाय वळत नाय. उतार हाय हे आता गुडघ्याला कळतं, उशिरा." मग त्यांनी मला विचारलं, "तुला कसं कळतं?"

मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि उताराला आडवी चालू लागले, हळू, एकेक पाऊल. उजवी टाच बाहेरच्या अंगाला किंचित कलत होती, घोट्याखाली काहीतरी सरकून जागेवर बसत होतं, आणि मी काही न करता सरळ उभी राहत होते. मी परत फिरले आणि उलट बाजूनं चालून पाहिलं. तेव्हा तीच टाच आतल्या अंगाला कलली. मामा उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते.

"आता सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागले.